दावं घेणाऱ्यानं आणायचं

१

अयुबला एक सवय होती. गाडीवर बसला, किक मारली, की गिअर टाकायच्या आधी मान जराशी मागं वळवून तो विचारायचा, "बसली का?" मागून हुसेनबी त्याच्या उजव्या खांद्यावर थाप द्यायची. तोंडानं काही बोलायची नाही. थाप पडली की गाडी निघाली. लग्नाला किती वर्षं झाली ते दोघांनाही चटकन सांगता आलं नसतं, पण थाप न पडता गाडी हलली असं एकदाच झालं होतं.

ते असं झालं. पाटसला बाजारात ती पिशवी घ्यायला उतरली आणि अयुबला वाटलं, बसली. तो आपला बोलत निघाला. कांद्याचा भाव, कंपनीतला सुपरवायझर, सुमैयाची शाळा, सगळं सांगत सांगत पार कुरकुंभापर्यंत गेला. तिथं वळणावर, ही काहीच का बोलत नाही म्हणून मागं बघतो तर सीट मोकळी. परत आला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "एवढ्या गप्पा मग कुणाला सांगितल्या?"

त्यावर दोघं पुढं कितीतरी वर्षं हसत आले. पण सवय लागली ती लागलीच. कंपनीत पाळीला एकटा निघाला तरी कधी कधी तोंडातून जायचं, "बसली का?" मग स्वतःशीच हसून गिअर टाकायचा. माणसाच्या जिभेला वाट पडली की ती वाट मोडत नाही.

कुरकुंभची नोकरी संपली. सुमैया नांदायला गेली. आता अयुबच्या डोक्यावर एकच गोष्ट राहिली होती. हुसेनबीनं समुद्र पाहिलेला नव्हता. लग्न झालं तेव्हा दाखवतो म्हणाला होता, आणि दरवर्षी पाळी, ओव्हरटाइम, दुखणी-खुपणी, एकातून एक निघत गेलं. एसटीत तिचं जमत नव्हतं. दौंड सोडायच्या आत पदर तोंडाला लागायचा. चारचाकीचं तेच. वारं अंगावर लागलं तरच तिला बरं वाटायचं. पण एवढ्या लांब अयुबच्या जुन्या छोट्या गाडीवर न्यायचं म्हणजे तिच्या गुडघ्याचे हाल. त्या गाडीची मागची सीट म्हणजे फळी.

म्हणून त्याचा जुना सोबती बन्सी एकदा म्हणाला की केंदूरला एका बागायतदाराकडं लांब पल्ल्याची मोठी गाडी विकायची आहे, मागं टेकायला पाठ आहे, पाय लांब करायला जागा आहे, तेव्हा अयुबला ती गाडी न बघताच आवडली. बन्सी जाता जाता एवढंच बोलला, "बघून घे मातर. लई दिस झालं इकायची म्हणतोय. एवढी चांगली हाय तर आजून इकली का न्हाई?"

२

केंदूरच्या त्या बागायतदाराचं, पोपटराव आप्पांचं घर वस्तीवर, उसाच्या कडेला. अयुब आपल्या छोट्या गाडीवर तिथं पोचला तेव्हा सकाळचं ऊन नुकतं पत्र्यावर आलं होतं. पोपटराव दारातच उभे होते. थोराड, पांढरे कपडे, सोसायटीच्या मीटिंगला निघाल्यासारखे. रामराम झाला. बोलणं कमी. गोठ्याच्या शेजारच्या शेडमध्ये त्यांनी गोधडी ओढली आणि गाडी दाखवली.

गाडी देखणी होती. जुनी, पण जपलेली. टाकीला ओरखडा नाही. दोन्ही अंगाला डिक्क्या, पुढं वाऱ्याला अडवायला काच, आणि मागची सीट, काय सांगावं, खुर्चीच. अयुबनं उकिडवं बसून चेन बघितली, तेलाचा डाग शोधला, टायर नखानं दाबून पाहिला. बोट ठेवायला जागा सापडेना.

उठून चार पावलं मागं सरला तेव्हा त्याला दिसलं. गाडी मागून बसलेली होती.

डबल स्टँडवर नव्हती, साइड स्टँडवर होती. तरी मोकळ्या गाडीनं मागून एवढं खाली जाऊ नये. बाईमाणूस मागं बसल्यावर गाडी जशी नीट दबते, तशी दबलेली. त्यानं मागच्या सीटवर हात ठेवून दाबलं. गाडी हलली नाही. खाली गेली नाही, वर आली नाही.

"शॉकअप गेल्यात का, आप्पा?"

"नवं टाकल्यात," पोपटराव म्हणाले. "दोनदा टाकलं."

मग चहा आला. घरात काम करणाऱ्या गिताबाईनं आणला. ताटात तीन कप. एक पोपटरावांना, एक अयुबला. तिसरा तिनं गाडीपाशी ओट्याच्या कडेला ठेवला, आणि न बोलता आत गेली. अयुबला वाटलं, अजून कुणी येणार असेल. वहिनी कुठं दिसेनात म्हणून त्यानं विचारलं, तर तुळजाबाई पुण्याला पोराकडं असतात असं कळलं. बऱ्याच दिवसांपासून तिकडंच. कुणी आलं नाही. तिसऱ्या चहावर साय धरली, माशी बसली. पोपटरावांनी तिकडं एकदाही बघितलं नाही. न बघायचं ठरवून बघू नये तसं.

आणखी एक गोष्ट अयुबला खटकली. ती मात्र त्याच्या बापामुळं.

अयुबचा बाप दौंड स्टेशनावर टांगा हाकायचा. घोडं बदलायचं झालं की बाजारात अयुबला बरोबर न्यायचा. तिथं तो एक रीत शिकला होता, आणि ती घोड्याला असते तशीच बैलाला असते, गाईला असते. जनावर विकतात, त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. विकणारा दावं सोडून आपल्या घरी नेतो, म्हणजे गोठ्याची बरकत घरी राहते. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. ही रीत न पाळणारा शेतकरी त्यानं पाहिला नव्हता. गाडी म्हणजे जनावर नव्हे, खरं आहे. पण अशा घरचा माणूस गाडी विकतानाही काहीतरी ठेवून घेतोच. आरशाला बांधलेलं फडकं घेईल, नाहीतर किल्लीची साखळी काढून घेईल. तेवढं मन माणसाला असतं.

पोपटराव उलटं करत होते. एकेक वस्तू आणून गाडीवर ठेवत होते. बाईमाणसाचं हेल्मेट. पाठीमागं घ्यायची उशी. पाण्याची बाटली. फडकं, किल्ली, साखळी.

"आप्पा, येवढं काय करायचं? तुमच्याकडं काय राहू द्या की."

"न्हाई न्हाई," पोपटराव घाईनं म्हणाले. "समदं न्या. हितं कायबी ठिवू नका."

३

चालवून बघायची म्हणून अयुब गाडीवर बसला. बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खोल, गोल, घागरीत बोलल्यासारखा. त्याला हुसेनबी आठवली. घाटातून उतरताना समोर एकदम पाणी दिसतं म्हणतात. ती काय म्हणेल, काही म्हणेल का नुसतीच बघत राहील, असं मनात आलं. आणि त्या नादात जीभ आपल्या वाटेनं गेली.

"बसली का?"

उजव्या खांद्यावर थाप पडली.

अयुबनं गिअर टाकला. म्हणजे पायानं टाकला. खांद्यावर थाप पडली की पायानं गिअर टाकायचा, हे पायाला ठाऊक होतं. गाडी फाटकाबाहेर, उसाच्या कडेनं, कच्च्या रस्त्यावर आली तेव्हा कुठं ती थाप त्याच्या ध्यानात आली. थांबला. मागं बघितलं. सीट मोकळी. मागचा रस्ता मोकळा. उसाची पात सळसळत होती, आणि एखादी पात लांब येऊन लागली असेल म्हणावं तर फाटकाच्या आत ऊस नव्हता.

अयुब काही भित्रा माणूस नव्हता. कारखान्यात वाफेच्या नळ्यांखाली त्यानं जन्म काढला होता. तो तिथंच इंजिन बंद करून बसला आणि शांतपणे विचार केला. इतकी वर्षं थाप खाल्लेला खांदा. विचारलं की थाप पडणार हे त्या खांद्याला पाठ. पाय कापलेल्या माणसाला पाय खाजतो म्हणतात. तसंच हे. त्याला ते पटलं. मग पाय टेकून गाडी वळवताना त्यानं पाहिलं, मागचे दोन्ही पायदान खाली होते. शेडमध्ये बघताना त्यानं ते स्वतःच्या हातानं वर मुडपले होते. स्प्रिंगा ढिल्या असतील. तेही पटलं. पण माणसाला एका मागोमाग एक एवढं पटवून घ्यावं लागलं की त्यालाच आपला संशय येतो.

परत आला तर पोपटराव फाटकात होते. गाडी कशी चालली हे त्यांनी विचारलं नाही.

"निघताना काय बोललात?"

"कुठं काय?"

"मान वळवलीत. कायतरी बोललात."

सवय सांगायची अयुबला लाज वाटली. "कायबी न्हाई," म्हणाला.

पोपटराव मग म्हणाले, बैल घेताना कसं, आधी चार दिवस दावणीला बांधून बघतो आपण. तसं करा. घरी न्या, घरच्या माणसाला दाखवा, मग सांगा. तुमची गाडी हितं राहू द्या, मी संभाळतो. बोलणं सरळ होतं, रीतीचं होतं. एवढ्या किमतीची वस्तू कुणी ओळख नसताना अशी देतं का, हे मनात आलं, पण घाटातलं पाणीही मनात होतं. अयुबनं आपली छोटी गाडी शेडमध्ये लावली आणि मोठी घेऊन निघाला. निघताना ओठ घट्ट मिटले.

४

तळेगाव ढमढेऱ्यापासून न्हावऱ्याकडं रस्ता चांगला होता. गाडी लोण्यासारखी चालायला हवी होती. चालत होतीही. पण चढाला दम खायची. डबल सीट असल्यावर इंजिन जसं जरा खालच्या सुरात येतं, तसं. अयुबला तो सूर ओळखू येत होता. आणि वळणावर गाडी तिरपी केली की वजन आपल्याबरोबर तिरपं व्हायचं. पोतं बांधलं तर पोतं उशिरा झुकतं. हे उशिरा झुकत नव्हतं. हे गाडीवर बसायची सवय असलेलं वजन होतं.

पारगावच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. भीमेला पाणी बरं होतं. तो उतरला, बाजूला झाला, कठड्याला टेकून गाडीकडं बघत उभा राहिला. तो उतरला म्हणून पुढची बाजू जरा वर आली होती. मागची नव्हती. पायदान दोन्ही खाली.

त्यानं ते पुन्हा मुडपले. मुद्दाम नदीकडं तोंड केलं, खाली कुणी म्हसरं धूत होतं ते बघितलं. मग वळला.

पायदान खाली होते. पायदानावरच्या रबराची धूळ पुसली गेली होती. चपलेएवढी.

शॉकअप गेल्यात, असं तो मोठ्यानं म्हणाला. पुलावर दुसरं कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाला. शॉकअप गेल्यात, स्प्रिंगा गेल्यात, आणि त्या मानानं किंमत पडेल. ते बोलून झाल्यावर त्याला बरं वाटायला पाहिजे होतं.

५

हुसेनबी दारात येऊन उभी राहिली आणि हसली. शेजारणींना दिसावं म्हणून दार मुद्दाम पुरतं उघडलं. अयुबनं गाडी कडुनिंबाखाली लावली होती. तिनं काचेवरून हात फिरवला, डिक्की उघडून बघितली, यात भाकरी राहतील, यात चादर राहील, असं सगळं लावून टाकलं. सुमैयानं दिलेला पंजाबी ड्रेस घालीन म्हणाली, दोन्हीकडं पाय टाकून बसायला बरा. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, हे तिनं पुन्हा विचारलं. अयुबला तिच्याकडं बघवेना.

दुपारचं जेवण झालं, झोप झाली. उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "बसून तरी बघते."

गाडी उभीच होती. ती साडी सावरून एका अंगाला बसली. बसली आणि थांबली. मग पुढं सरकली. मग आणखी जरा पुढं. शेवटी पुढच्या सीटच्या कडेवर आली.

"काय झालं?"

"दिसायला लांब हाय वो," ती म्हणाली, "पन जागाच न्हाई."

तिच्या मागं दीड वीत मोकळी सीट अयुबला दिसत होती. मोकळी. आणि ती बसली तरी गाडी मागून एक बोटभरसुद्धा आणखी दबली नव्हती.

हुसेनबीचं हसू गेलं नव्हतं, पण ते आता चेहऱ्यावर नुसतं ठेवलेलं होतं. ती हळूच उतरली. नेहमीच्या अंगानं नाही, दुसऱ्या अंगानं. कुणाच्या पायावर पाय पडू नये तशी. उतरल्यावर हात पदराला पुसला.

"गरम हाय सीट," म्हणाली.

"उन्हानं."

दोघांनीही वर बघितलं. कडुनिंबाची सावली सकाळपासून तिथं होती.

अयुबनं सीटवर तळवा ठेवला. पुढं, जिथं आत्ता हुसेनबी टेकली होती तिथं, गार. मागं पाठीच्या उशीपाशी ऊब होती. बसल्या माणसाला जरा उठा म्हणावं आणि त्याच्या जागेवर हात ठेवावा, तशी.

हुसेनबी रात्रीच्या स्वयंपाकाला लागली. चुलीकडं तोंड करूनच मग म्हणाली, "तुमचं मन असंल तर घ्या, सुमैयाचे अब्बा. मी पुढं सरकून बसीन."

तेवढ्या एका वाक्यानं अयुबचं ठरलं. इतकी वर्षं जिला समुद्र दाखवायचा राहिला, ती आता कुणालातरी जागा करून द्यायला तयार झाली होती. आपल्या नवऱ्याच्या मागची.

६

सकाळी तो गाडी परत घेऊन गेला. बसताना बोलला नाही, मान वळवली नाही. वाटेत एकदाही मागं बघितलं नाही.

पोपटराव शेडमध्येच होते. नाही घ्यायची, असं अयुबनं सांगितलं. शॉकअपचं कारण दिलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर हाताचा रेटा दिला. गाडी खाली गेली आणि टुणकन वर आली. चांगली, ताठ, मोकळी उभी राहिली. नव्या शॉकअपची गाडी उभी राहते तशी.

अयुब बघत राहिला. पोपटरावांनी आणखी एकदा दाबली. पुन्हा वर आली. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एवढा मोकळा होताना अयुबनं कधी बघितला नव्हता. त्यांनी हेल्मेट उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, काखेत धरलं.

"ह्ये राहू द्या हितं. तुळजाबाईचं हाय."

"बरं," अयुब म्हणाला.

"गाडीबी आता इकायची न्हाई." मग काखेतल्या हेल्मेटकडं बघत, "ती शेवटी शेवटी मागं बसंनाच. जागा पुरत न्हाई म्हणायची. निघून गेली. मी म्हणायचो, बाईचं खूळ."

 हुसेनबी काय म्हणाली होती ते त्यानं या घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

चहा आला. तीन कप. गिताबाईनं एक पोपटरावांपुढं ठेवला. एक अयुबच्या हातात दिला. तिसरा घेऊन ती गाडीकडं वळली, अर्ध्या वाटेवर थांबली, आणि परत आली. अयुब ओट्यावर बसला होता. तिनं तिसरा कप त्याच्या शेजारी ठेवला. उजव्या अंगाला. मग पदर नीट करून आत गेली.

अयुब चहा तसाच ठेवून उठला. त्याची छोटी गाडी कोपऱ्यात होती, कुणीतरी धुऊन पुसून ठेवलेली. तो ती बाहेर काढत होता तेव्हा पोपटराव फोनवर कुणाशी तरी बोलत होते. ये, म्हणत होते. आता ये. खरंच ये.

फोन ठेवून ते फाटकापर्यंत आले. अयुबनं न राहवून विचारलं, "आप्पा, तुमी समदं द्यायला निघाला व्हता. आपल्यात दावं देत न्हाईत."

"न्हाईच देत," पोपटराव म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. दमलेल्या माणसाची माया होती. "मी देत व्हतो ते कुणीच धरलं न्हाई. दावं घेणाऱ्यानं आणायचं असतं, अयुबभाई. तुमी आणलं व्हतं. मान वळवून बोललात तवाच."

७

अयुबनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय? दमेकऱ्यासारखी धापत छोटी गाडी त्याला दौंडपर्यंत घेऊन आली. चढाला दम खात होती, पण ती म्हातारीच होती. येताना त्यानं मागं हात फिरवून बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे काही नाही, एवढ्यावर तो राहिला.

विचारायचं मात्र त्यानं सोडलं. हुसेनबी बसली की आरशातून बघायचा आणि निघायचा. तिला ते लागलं असणार. काही दिवस ती थाप द्यायला हात उचलायची आणि तसाच खाली घ्यायची. मग तेही बंद झालं.

समुद्राचं तिनंच काढलं. मोठी गाडी नको, म्हणाली, आपलीच बरी. थांबत थांबत जाऊ, गुडघ्याचं माझं मी बघीन. अयुब नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

निघायचा दिवस उजाडला. हुसेनबीनं सुमैयाचा पंजाबी ड्रेस घातला होता, लाजत होती. कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली, आणि जन्मात पहिल्यांदा दोन्हीकडं पाय टाकून मागं बसली. अयुबनं किक मारली. तिनं दोन्ही हात पुढं घेतले, त्याच्या पोटावर बोटांत बोटं गुंतवली. हिरव्या बांगड्या त्याच्या शर्टाच्या बटणांवर आल्या. तो खाली बघत होता. दोन हात. त्याला एकदम धीर आला. जीभ आवरली होती, हात समोर होते, रस्ता मोकळा होता.

"अवो," ती कानाशी म्हणाली, "आज तरी इचारा की. समिंदराला चाललोय."

अयुब काही बोलला नाही. पण ती बोलली होती, आणि तेवढ्यानं त्याच्या मनात ते दोन शब्द आले. नुसते मनात. ओठ मिटलेलेच होते.

हुसेनबी पुढं सरकली. त्याच्या पाठीला अगदी चिकटली. "जरा सरका वो पुढं," म्हणाली. "दाटी होतीया."

अयुबनं खाली बघितलं. बोटांत बोटं तशीच होती. दोन्ही हात. बांगड्या हलल्या नव्हत्या.

उजव्या खांद्यावर थाप पडली.

गाडी फुरफुरत उभी होती. पाय गिअरकडं गेला होता, तो त्यानं धरून ठेवला.

"चला की," हुसेनबी म्हणाली. "कुणाची वाट बघताय?"